बायजाबाईंची कादंबरी कुणी लिहायची?

१८५७च्या बंडाचे मराठीतले सर्वांत जिवंत वर्णन ‘माझा प्रवास’ या पुस्तकात आहे, आणि त्या प्रवासाला कारण झाल्या ग्वाल्हेरच्या एक बाई. बायजाबाई शिंदे मथुरेत सर्वतोमुख यज्ञ करणार, त्यात लाखो रुपये खर्च होणार, ब्राह्मणांना मोठी दक्षिणा मिळणार, ही वार्ता पेणजवळच्या वरसई गावी पोचली. कर्जाने गांजलेले विष्णुभट गोडसे काकांना बरोबर घेऊन उत्तरेकडे निघाले. वाटेत बंड पेटले. दक्षिणा मिळवायला निघालेला भिक्षुक झाशीच्या वेढ्यात अडकला. तिथे त्यांनी राणी लक्ष्मीबाईंना जवळून पाहिले. त्यांचा दिनक्रम, पोशाख, घोड्यावरची मांड हे सारे मनात साठवले आणि बऱ्याच वर्षांनी लिहून काढले. १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी ते संपादून छापले. हे वैद्य ग्वाल्हेर संस्थानात सरन्यायाधीश होते.

या पुस्तकाने लक्ष्मीबाई मराठी वाचकाच्या घरातल्या झाल्या, आणि ते योग्यच झाले. ज्यांच्या नावाने हा प्रवास सुरू झाला त्या बायजाबाई मात्र सुरुवातीच्या पानांवरच मागे राहिल्या. कागलच्या घाटग्यांची ही मुलगी दौलतराव शिंद्यांची राणी झाली, त्यांच्यानंतर सहा वर्षे ग्वाल्हेरचे राज्य चालवले, सावकारीच्या पेढ्या सांभाळल्या, सत्ता गमावली, परमुलखात छावण्या टाकून राहिली आणि ऐंशीच्या उंबरठ्यावर पोचून वारली. इतके भरलेले आयुष्य असूनही त्यांच्यावरच्या कादंबरीचे नाव मराठी वाचकाच्या ओठावर नाही. आपल्या ऐतिहासिक कादंबरीने त्यांना न्याय दिलेला नाही. तो देण्याची पहिली जबाबदारी ग्वाल्हेरच्या मराठी समाजाची आहे.

ग्वाल्हेर शहरातल्या जुन्या वस्त्यांना पुरुषांची नावे आहेत. दौलतगंज, जनकगंज, माधवगंज असे म्हणत लष्करमधून जाताना शिंद्यांची वंशावळच पायाखालून जाते. बायकांच्या आठवणीच्या जागा थोड्या, पण ठळक आहेत. किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महाल, फूलबागेत लक्ष्मीबाईंची समाधी आणि मोतीमहालाजवळ बैजाताल. तिन्ही जागी एकेका बाईचे आयुष्य आहे. साहित्याने मात्र या तिघींना सारखे वागवलेले नाही.

गुजरी महालाची राणी मृगनयनी ही मानसिंह तोमराची गुजर राणी. मानसिंहाची कारकीर्द १४८६ ते १५१६. राणीच्या माहेरच्या राई गावाहून तिच्यासाठी पाणी आणले, ही कथा ग्वाल्हेरचे पोर सांगते. तिच्याविषयी भरवशाचे समकालीन कागद जवळजवळ नाहीत. असे असूनही झाशीचे वकील-कादंबरीकार वृंदावनलाल वर्मा यांनी १९५० मध्ये ‘मृगनयनी’ लिहिली, आणि हिंदी वाचकाला एक सजीव मुलगी मिळाली. वर्मांची निन्नी राजवाड्यात जन्मत नाही. ती शेतात राबते, मैत्रीण लाखीबरोबर रानात शिकारीला जाते, भूक आणि दुष्काळ ओळखते. राणी होण्याआधी ती काम करणारी बाई आहे, म्हणून राणी झाल्यावरही तिच्यावर विश्वास बसतो. आज त्या महालात पुरातत्त्व संग्रहालय आहे. ते उभे करणारे मोरेश्वर बळवंत गर्दे हे मराठी अधिकारी होते, ही गोष्ट ग्वाल्हेरच्या नव्या पिढीला सांगायला हवी.

लक्ष्मीबाईंवर तर तीन भाषांनी प्रेम केले. वर्मांची ‘झाँसी की रानी लक्ष्मीबाई’ १९४६ची. महाश्वेता देवींचे ‘झाँसीर राणी’ १९५६चे, आणि ते त्यांचे पहिले पुस्तक. ते लिहिण्यासाठी त्या तरुण वयात झाशी-ग्वाल्हेरच्या मुलखात हिंडल्या, गावोगावच्या लोकांकडून गाणी आणि आठवणी गोळा केल्या. मराठीत दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी १८९४ मध्येच लक्ष्मीबाईंचे चरित्र सिद्ध केले होते. ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांब्यांनी त्यांच्यावर कविता लिहिली. फूलबागेतल्या समाधीपाशी आजही अनोळखी माणूस थबकतो, त्यामागे या सगळ्या लेखनाचे पुण्य आहे.

बैजातालाशी मात्र माणसे संध्याकाळी फिरायला येतात आणि हे नाव कुणाचे, हे न विचारता घरी जातात.

बायजाबाईंबद्दल कागद नाहीत, अशी सबब कुणाला सांगता येणार नाही. याच पारसनीसांनी १९०२ मध्ये त्यांचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले. कंपनी सरकारच्या ग्वाल्हेर रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. अमर फारूकी यांच्या ‘सिंदियाज अँड द राज’ या इंग्रजी ग्रंथात त्यांच्या राजकारणाचा आणि पैशाच्या व्यवहाराचा विचार झाला आहे. मृगनयनीपाशी कागद नव्हते, तिला कादंबरी मिळाली. बायजाबाईंपाशी कागद आहेत, तर त्यांना वाचक मिळालेले नाहीत.

असे का झाले, याचे उत्तर मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या सवयीत आहे. १८७१ मध्ये रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ने ही वाट सुरू झाली. दीडशे वर्षांत तिने अनेक मोठी पुस्तके दिली. ‘स्वामी’, ‘राऊ’, ‘पानिपत’ यांनी लाखो घरांत इतिहास नेला, हे ऋण कुणी नाकारू नये. पण या परंपरेत बाईला सहसा तीनच जागा मिळाल्या. एक, वाट पाहणारी आणि जळून जाणारी पत्नी. थेऊरला १७७२ मध्ये सती गेलेल्या रमाबाई हे तिचे सर्वांत हृद्य रूप. दुसरी, पुरुषाला आणि त्याच्या घराला अस्वस्थ करणारी प्रेयसी. तिचे नाव मस्तानी. तिसरी, कारस्थान करणारी. ती जागा आनंदीबाईंनी व्यापली, आणि त्यांच्यावरचा ‘ध’चा ‘मा’ केल्याचा आरोप कादंबरी-नाटकांनी इतका घोटून पाजला की पुरावा किती भक्कम, हे विचारायचेही कुणाच्या मनात येईनासे झाले.

बायजाबाई या तिन्ही जागांत मावत नाहीत. त्या सती गेल्या नाहीत. कुणाच्या प्रेमकथेत त्यांचे आयुष्य संपले नाही. कारस्थाने त्यांनीही केली, पण ती राज्यकर्त्याची होती, आणि तशी पुरुषाने केली की आपण त्यांना मुत्सद्देगिरी म्हणतो. अशी बाई लिहायची तर कादंबरीकाराला शयनगृहातून उठून दफ्तरखान्यात जावे लागते, पेढीवर बसावे लागते, पागेत उभे राहावे लागते. तिथे जाण्याची आपल्या लेखकांना सवय नाही.

ही अडचण केवळ मराठीची नाही. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीच्या चौतिसाव्या अध्यायात, याकोब आणि लेआ यांची मुलगी दीना हिची कथा आहे. ती त्या देशातल्या बायकांना भेटायला बाहेर पडते, शखेम तिला भ्रष्ट करतो, पुढे तिचे भाऊ शिमोन आणि लेवी त्या नगरातल्या पुरुषांची कत्तल करतात. संपूर्ण अध्यायात बाप बोलतो, भाऊ बोलतात, शखेम आणि त्याचा बाप बोलतो. दीनाच्या तोंडी एकही शब्द नाही. १९९७ मध्ये अनिता डायमंट या अमेरिकन लेखिकेने ‘द रेड टेंट’ या कादंबरीत सगळी कथा दीनाच्याच तोंडून सांगितली, आणि ती जगभर वाचली गेली.

त्या कादंबरीच्या यशाचे श्रेय अनेकजण तिच्या बंडखोरीला देतात. खरे बळ दुसरीकडे आहे. डायमंट यांनी त्या बायकांच्या हाताला काम दिले. सूत कातणे, भाकरी भाजणे, बाळंतपणे करणे, मेलेल्यांना न्हाऊ घालणे यातून त्यांचे दिवस उभे राहतात, आणि दीना स्वतः सुईण होते. मासिक पाळीत बायकांनी एकत्र राहण्याचा तो लाल तंबू मात्र लेखिकेची कल्पना आहे. प्राचीन इस्राएली समाजात तसा तंबू असल्याचा पुरावा नाही. त्यावर टीका झाली, आणि ती व्हायलाही हवी. कारण कल्पित रिवाज एकदा वाचकाच्या मनात बसला की तो इतिहास म्हणून पुढे सांगितला जातो. तरीही जिथे ग्रंथ गप्प आहे तिथे बाईला बोलते करण्याचा लेखिकेचा हक्क त्यामुळे कमी होत नाही.

या कथा मराठी माणसाला परक्या नाहीत. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६चे. त्याच्या पहिल्या पुराणात जुन्या कराराच्या कथा ओव्यांत आल्या. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने एकोणिसाव्या शतकात त्याच कथांवर मराठी कीर्तने उभी केली. अलीकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने त्या पुन्हा घरोघरी नेल्या. दुसऱ्यांच्या ग्रंथातल्या बायका आपल्या भाषेत सामावून घेणारी ही भाषा आपल्याच राणीला विसरली, हे खटकते.

आता बायजाबाईंच्या आयुष्यात कादंबरीकारासाठी काय पडून आहे, ते पाहावे.

जन्म १७८४, कागल. १७९८ मध्ये पुण्यात दौलतराव शिंद्यांशी लग्न. नवरी चौदा वर्षांची. हे लग्न पुण्याला फार महाग पडले, कारण नवरीचे वडील सखाराम घाटगे, म्हणजे सर्जेराव, जावयाचे दिवाण झाले आणि फौजेच्या थकलेल्या पगारासाठी त्यांनी पुण्यातले सावकार आणि मुत्सद्दी पकडून मारहाण करत पैसा उकळला. सर्जेरावांचे नाव मराठी इतिहासात काळेच राहिले. त्याच सुमारास महादजींच्या विधवा लक्ष्मीबाई, यमुनाबाई आणि भागीरथीबाई यांनी दौलतरावांविरुद्ध उठाव केला; सर्जेरावांच्या हातून त्यांची विटंबना झाली होती. लखबादादांसारखे जुने सरदार बायांच्या बाजूने उभे राहिले. शिंद्यांच्या दौलतीत घरातल्या बायकांनी पुकारलेले हे युद्ध बरेच चालले.

चौदा वर्षांची मुलगी सासरी येते, आणि तिच्या सासवांवर तिच्याच बापाने हात टाकलेला असतो. या घरात ती पहिल्या दिवशी कुणाच्या पाया पडली असेल? कोणती सासू तिला हाताला धरून आत घेऊन गेली असेल, कोणी पाठ फिरवली असेल? कागद इथे गप्प आहेत. कादंबरीकाराची जागा नेमकी हीच.

पुढे १८०३ची असईची लढाई. बायजाबाई उत्तम घोडेस्वार होत्या, भाला-तलवार चालवायला शिकल्या होत्या, आणि मोहिमेत दौलतरावांबरोबर राहत. शिंद्यांची हार झाली. इंग्रजांशी झालेल्या २२ नोव्हेंबर १८०५च्या तहात ग्वाल्हेर आणि गोहद शिंद्यांना परत मिळाले. ज्या शहरात आज मराठी माणसे दोनशे वर्षे नांदत आहेत त्याचा पाया या कागदात आहे. त्याच तहात बायजाबाईंना दोन लाखांची आणि मुलगी चिमणाबाई हिला एक लाखाची जहागीर देण्याचे ठरले. आणि त्याच तहात सर्जेराव घाटग्यांना दौलतरावांनी कधीही कारभारात घेऊ नये, अशी अटही घातली गेली. मुलीला जहागीर आणि बापाला बंदी, दोन्ही एकाच दस्तऐवजात. इंग्रजांना ही बाई विशीत असतानाच एवढी महत्त्वाची का वाटली, हा प्रश्न एकट्यानेच कादंबरीची पहिली दोनशे पाने पेलेल. १८०९ मध्ये सर्जेराव मारले गेले. ज्या बापामुळे तिचे नाव बदनाम झाले त्याच्या मृत्यूची बातमी ऐकून तिने काय केले असेल?

१८१० मध्ये दौलतरावांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि तिचेच लष्कर हे शहर झाले. कापडी तंबू गेले, वाडे आले. दख्खनेतून शिलेदार, भिक्षुक, कारकून, गवई, स्वयंपाकी आले; त्यांच्या बायका आल्या. नव्या मुलखात मराठी घर कसे मांडले गेले, गोडा मसाला कुणी कुटला, बाळंतिणीला काय खाऊ घातले, मंगळागौर कुणाच्या अंगणात जागवली, याचा तपशील एखादी हुशार लेखिका घरोघरी विचारून मिळवू शकते. ग्वाल्हेरच्या म्हाताऱ्या आजींच्या बोलण्यात त्याचे धागे अजून सापडतात.

आणि मग पैसा. बायजाबाईंच्या उज्जैनला नाथजी किशनदास आणि नाथजी भगवानदास या नावांच्या पेढ्या होत्या. माळव्याच्या अफूचा मोठा व्यापार उज्जैनभोवती चाले, आणि त्याला हुंडीवाला सावकार लागत असे. फौजेचे पगार थकले की राज्य गडगडते, हे या बाईने लग्नाच्या वर्षीच पुण्यात पाहिले होते. पुढे तिने पेढी हातात ठेवली, यात आश्चर्य नाही. मराठी कादंबरीत राण्यांच्या पैठण्या आणि नथी किती वेळा वर्णिल्या गेल्या, आणि राणीच्या समोर उघडलेली खतावणी किती वेळा? मुनीम आकडे वाचतो आहे, पडद्यामागून बाई चूक दाखवते आहे, असे एक प्रकरण हवे.

बायजाबाईंचा पैसा धर्मकार्यातही लागला. काशीच्या ज्ञानवापी विहिरीवरचा खांबांचा मंडप त्यांनी १८२८ मध्ये बांधवला. उज्जैनचे गोपाळमंदिर त्यांचे. काशीचा शिंदे घाट त्यांनी उभारला. त्याच्या भारी दगडी बांधकामाने तो खचला आणि विसाव्या शतकात पुन्हा बांधावा लागला.

२१ मार्च १८२७ रोजी दौलतराव गेले. मुलगा नव्हता. बायजाबाईंनी मुकुटराव या अकरा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले, त्याचे नाव जनकोजी ठेवले आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. तो त्यांना सोडायचा नव्हता. जनकोजी मोठा होत गेला, तसा दोघांतला तणाव वाढला. मुलावर पहारे बसले. डिसेंबर १८३२ मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंक ग्वाल्हेरला आला, पण त्याने कुणाच्याच पारड्यात वजन टाकले नाही. जुलै १८३३ मध्ये फौजेचा एक भाग जनकोजींच्या बाजूने उठला आणि बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले.

इथे कादंबरीकाराची खरी परीक्षा आहे. बायजाबाईंना देवी करण्याचा मोह होईल. तो टाळायलाच हवा. दत्तक मुलाचा हक्क त्यांनी अडवला, हे खरे आहे. सत्तेची चव त्यांना होती आणि ती सुटत नव्हती, हेही खरे आहे. पण १८४३ मध्ये जनकोजी गेल्यावर गादीसमोर उरली त्यांची जेमतेम तेरा वर्षांची विधवा ताराबाई. वर्ष सरण्याआधी, २९ डिसेंबरला, महाराजपूर आणि पनिहार अशा दोन लढायांत ग्वाल्हेरची फौज इंग्रजांनी मोडली आणि राज्याची सूत्रे त्यांच्या हाती गेली. अनुभवी बाईला बाहेर काढले आणि दहा वर्षांत राज्य लेकराच्या हाती आले. बायजाबाई दोषी होत्या का, हे कादंबरीने ठरवू नये. त्यांना काय दिसत होते, ते वाचकाला दाखवावे.

हद्दपारीतल्या बायजाबाईंचे सर्वांत चांगले चित्र एका इंग्रज बाईने काढले आहे. फॅनी पार्क्स ही कंपनीच्या अधिकाऱ्याची बायको. १८३५ मध्ये फतेहगडच्या छावणीत आणि नंतर अलाहाबादेत तिने बायजाबाईंची भेट घेतली, आणि १८५०च्या आपल्या प्रवासवर्णनात ते सगळे लिहिले. साधे रेशमी लुगडे, अंगावर दागिना नाही, हातात केवळ सोन्याच्या बारीक बांगड्या, पिकलेले केस आणि मन जिंकणारे हसू. छावणीतल्या मराठी बायका पुरुषांसारखी मांड घालून घोड्यावर बसत. त्यांना इंग्रज बायकांचे एका अंगाला पाय सोडून बसणे विचित्र वाटले. पार्क्सने मराठी पद्धतीने घोडा फिरवून पाहिला आणि तिला ती पद्धत इतकी आवडली की बायकांची जुनी बसण्याची रीत बदलल्याबद्दल तिने राणी एलिझाबेथला बोल लावले.

याच छावणीत दोघींचे बोलणे विलायतेच्या कायद्यावर गेले. लग्न झालेल्या इंग्रज बाईला कायद्याने किती थोडे हक्क आहेत, हे पार्क्सने सांगितले. हिंदुस्थानातल्या विधवेच्या हालांचीही चर्चा झाली. १८३५ साली, जोतीराव फुले आठ वर्षांचे असताना, एक मराठी राज्यकर्ती आणि एक इंग्रज गृहिणी तंबूत बसून दोन्ही देशांतल्या बायकांच्या गुलामीची तुलना करत होत्या. या प्रसंगाला कुठलीही कल्पना जोडावी लागत नाही. तो जसाच्या तसा छापलेला आहे.

त्यानंतर नाशिककडचा मुक्काम, उज्जैन, आणि अखेर ग्वाल्हेर. जून १८५८. रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि लक्ष्मीबाई यांनी ग्वाल्हेर घेतले. ग्वाल्हेरचे राजे जयाजीराव शिंदे आग्र्याला पळाले. बंडवाल्यांना बायजाबाईंचे नाव आपल्या बाजूला हवे होते. त्यांनी ते दिले नाही. राजघराण्यातल्या बायकांना घेऊन त्या नरवरला गेल्या आणि इंग्रजांशी संधान ठेवून राहिल्या. त्याच महिन्यात ग्वाल्हेरच्या वेशीवर लक्ष्मीबाई पडल्या.

एक चौऱ्याहत्तर वर्षांची, एक तिशीही न ओलांडलेली. दोघी मराठी, दोघी विधवा, दोघींनी दत्तक मुलाच्या नावाने राज्य केले आणि दोघींना इंग्रजांशी सामना करावा लागला. एकीने तलवार उचलली, दुसरीने घर वाचवले. देशाने एकीला डोक्यावर घेतले आणि दुसरीला विसरून टाकले; कदाचित तिच्या नकारामुळेच. देशभक्तीच्या मापाने मोजले तर बायजाबाई उण्या ठरतात, आणि त्यांच्यावर लिहिणाऱ्याने ते लपवू नये. पण १८०३चा पराभव, १८१८ची पेशवाईची अखेर, १८४३ची धूळधाण हे सारे पाहिलेल्या बाईने १८५८ मध्ये कोणता हिशेब केला असेल, तो समजून घेणे हे कादंबरीचे काम आहे. मराठीतली सर्वांत मोठी ऐतिहासिक कादंबरी या एका महिन्यात दडलेली आहे. १८६३ मध्ये बायजाबाई गेल्या.

कल्पनेला सीमा असावी. जिथे कागद बोलतो तिथे लेखकाने त्याला फिरवू नये. जिथे कागद गप्प आहे तिथे मोकळेपणाने लिहावे, आणि पुस्तकाच्या शेवटी काय खरे, काय कल्पित, हे चार पानांत स्पष्ट सांगावे. आपल्याकडे ही प्रथा रुजलेली नाही. त्यामुळेच आनंदीबाईंसारख्यांवर कादंबरीतले आरोप इतिहास म्हणून बसले.

ग्वाल्हेरला या कामाचा विशेष अधिकार आहे. १९६१ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरले, आणि संमेलनाच्या इतिहासातल्या पहिल्या महिला अध्यक्ष कुसुमावती देशपांडे याच व्यासपीठावर बसल्या. त्या मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाच्या इतिहासकार होत्या. हा मान पुण्या-मुंबईने नव्हे, ग्वाल्हेरने दिला. त्याच शहराने बायजाबाईंची कादंबरी घडवून आणावी, ही अपेक्षा जास्त नाही.

त्यासाठी तीन कामे तातडीने व्हायला हवीत. लष्करमधल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर मोडीतल्या वह्या, रोजकीर्दी, पत्रांच्या थैल्या पडून असतील, तर त्या रद्दीत देऊ नयेत. मोडी वाचणाऱ्याला दाखवाव्यात आणि त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. घरातल्या ऐंशी-नव्वदीच्या बायकांची माहेर-सासरची, सणांची, बाळंतपणांची, उखाण्यांची आठवण त्यांच्या हयातीतच ध्वनिमुद्रित करावी. आणि पारसनीसांच्या १९०२च्या चरित्राची टिपांसह, आजच्या वाचकाला परवडेल अशी आवृत्ती कुणा प्रकाशकाने काढावी. कादंबरी लिहायला निघालेल्या तरुण मुलीच्या हातात पहिले पुस्तक ते पडले पाहिजे. ती मुलगी ग्वाल्हेरची असेल तर उत्तम. कागलची असली तरी चालेल.